मायट्रल झडप दुसऱ्यांदा बदलायची आहे : तयारी कशी करावी?

मृण्मयी

नमस्कार. माझे वय ४४ आहे. लहानपणी झालेल्या संधिवाती ज्वरामुळे माझी मायट्रल झडप (हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली) खराब झाली होती आणि तिशीच्या सुरुवातीला छाती उघडून ती बदलावी लागली. त्या वेळी आम्हांला मूल हवे होते. यांत्रिक झडप बसवली असती तर रक्त गोठू न देणारे वॉरफरिन जन्मभर घ्यावे लागले असते आणि ते औषध गर्भाला अपायकारक ठरू शकते, म्हणून सर्जनांशी सविस्तर बोलून जैविक, म्हणजे प्राण्यांच्या ऊतींपासून बनवलेली, झडप निवडली. ती कायम टिकणार नाही, कधीतरी पुन्हा बदलावी लागेल, हे त्यांनी तेव्हाच स्पष्ट सांगितले होते. त्या निर्णयाची मला आजही खंत नाही.

गेल्या काही महिन्यांपासून मात्र जिना चढताना धाप लागते आणि रात्री डोक्याखाली दोन उश्या घेतल्याशिवाय झोप येत नाही. इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, झडपेची पाती जाड व ताठ झाल्याचे दिसले, अन्ननलिकेतून केलेल्या इकोने तेच पक्के केले. फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांतील दाब वाढलेला आहे, ठोके अधूनमधून अनियमित होतात, म्हणजेच एट्रियल फिब्रिलेशन आहे, आणि त्यासाठी वॉरफरिन सुरू केले आहे. सर्जनांचे म्हणणे असे की आजच्या आज धावपळ करण्याची गरज नाही, परंतु हृदय आणखी थकेपर्यंत थांबूही नये, येत्या दोन-तीन महिन्यांत शस्त्रक्रिया करून घ्यावी.

पहिल्या वेळी मी तरुण होते, काळजी करण्याचे काम आई-वडिलांनी केले, मी फक्त सह्या केल्या. या वेळी प्रत्येक गोष्ट समजून घेऊन पुढे जायचे आहे. दुसऱ्यांदा तीच छाती उघडताना नेमके काय वेगळे असते आणि त्यासाठी आधी कोणत्या तपासण्या होतात? या दोन-तीन महिन्यांत मी स्वतः काय करू शकते? आणि सर्वांत अवघड प्रश्न झडपेचा : पुन्हा जैविक घ्यावी की आता यांत्रिक? पायातल्या शिरेतून, छाती न उघडता जुन्या झडपेतच नवी झडप बसवतात असे वाचले. सर्जनांनी तो मार्ग माझ्यासाठी दुय्यम आहे असे सांगितले, पण भेटीत वेळ कमी असल्याने कारण नीट समजले नाही. ज्यांनी यातून वाट काढली आहे किंवा जे या क्षेत्रात काम करतात, त्यांनी कृपया लिहावे.


दुसरा_डाव

मृण्मयीताई, माझी महाधमनीची झडप दोनदा बदलली आहे. तुमची मायट्रल असली तरी तयारीचा मोठा भाग सारखाच असतो, म्हणून लिहितो.

सर्वांत आधी पहिल्या शस्त्रक्रियेची कागदपत्रे मिळवा. बहुतेकांकडे डिस्चार्ज कार्ड असते आणि तेवढे पुरेसे आहे असे त्यांना वाटते, परंतु सर्जनांना खरी गरज असते ती सर्जनांनीच लिहिलेल्या शस्त्रक्रियेच्या नोंदीची. झडप कोणत्या कंपनीची, कोणत्या मॉडेलची, किती मापाची, ती कोणत्या पद्धतीच्या टाक्यांनी बसवली, शस्त्रक्रियेदरम्यान हृदय व फुप्फुसांचे काम करणाऱ्या हार्ट-लंग मशीनच्या नळ्या कुठून घातल्या, हृदयाभोवतीचे आवरण शेवटी शिवून बंद केले की उघडे ठेवले, रक्तस्राव झाला म्हणून त्याच रात्री पुन्हा आत नेले होते का, हे सगळे त्या दोन-तीन पानांत असते. झडपेबरोबर एक छोटे ओळखपत्रही दिलेले असते, त्यावर झडपेचा क्रमांक व माप छापलेले असते, तेही शोधून ठेवा. रुग्णालये जुन्या नोंदी अनंत काळ सांभाळत नाहीत, त्यामुळे लेखी अर्ज शक्य तितक्या लवकर द्यावा.

आता वेगळे काय असते ते सांगतो. पहिल्या वेळी छातीचे मधले हाड, म्हणजे उरोस्थी, कापताना हृदय त्याच्यामागे मोकळे असते. एकदा शस्त्रक्रिया झाली की बरे होताना आत चिकट तंतूंचे जाळे तयार होते आणि हृदयाचा उजवा कप्पा, काही वेळा महाधमनी किंवा एखादी मोठी शीर, डिंकाने चिकटवल्यासारखी हाडाच्या मागच्या बाजूला बसलेली असू शकते. करवत तिथेच फिरवायची असते. दुसऱ्या शस्त्रक्रियेतला वाढीव धोका मुख्यतः याच पहिल्या अर्ध्या-पाऊण तासाचा आणि नंतर ते तंतू सोडवताना होणाऱ्या रक्तस्रावाचा असतो, असे मला समजावून सांगण्यात आले.

याचसाठी छातीचा सीटी स्कॅन करतात. माझ्या सर्जनांनी तो पडद्यावर बाजूने दाखवला होता : पुढे हाडाची पांढरी पट्टी, तिच्यात जुन्या तारांचे चमकदार ठिपके, मागे हृदयाची करडी छाया आणि दोहोंच्या मध्ये चरबीची एक काळपट रेघ. ती रेघ वरपासून खालपर्यंत सलग दिसली तर हाड आणि हृदय यांच्यात अंतर आहे. जिथे ती पुसट होते तिथे चिकटलेले असण्याची शक्यता. माझ्या बाबतीत ती खालच्या टोकाला नाहीशी झाली होती, म्हणून त्यांनी हाड कापण्यापूर्वीच जांघेतली धमनी व शीर मोकळी करून ठेवली. प्रसंग आलाच तर तिथून लगेच हार्ट-लंग मशीन जोडता येते. याच कारणाने सीटी करताना पोट व जांघेपर्यंतच्या रक्तवाहिन्याही पाहून घेतात. तुमच्या सर्जनांना हे चित्र दाखवण्याची विनंती अवश्य करा. ते पाहिल्यावर माझी भीती कमी झाली असे म्हणणार नाही, पण ती नेमकी कशाची आहे ते कळले.

बाकीच्या तपासण्यांत हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्यांची अँजिओग्राफी किंवा सीटी अँजिओग्राफी, फुप्फुसांची क्षमता पाहणारी चाचणी, मूत्रपिंड व यकृताच्या तपासण्या, मधुमेह व थायरॉइड, आणि काही ठिकाणी मानेतल्या धमन्यांचा डॉपलर येतो. अँजिओग्राफी आणि सीटी या दोन्हींत रंगद्रव्य टोचतात आणि त्याचा भार मूत्रपिंडावर पडतो. त्यामुळे मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन रक्तात वाढलेले असेल तर या तपासण्या एकापाठोपाठ न करता मध्ये अंतर ठेवावे का, हे विचारावे.

धोका किती, असा प्रश्न तुम्ही विचारालच. युरोस्कोर २ नावाची गणनपद्धती सर्जन वापरतात. तीत आधी झालेली हृदयशस्त्रक्रिया, वय, मूत्रपिंडाची स्थिती, फुप्फुसातील दाब, शस्त्रक्रियेची निकड अशा गोष्टी धरल्या जातात. ती इंटरनेटवर कोणालाही उपलब्ध आहे. मी तिच्या नादी लागू नका असेच सुचवेन, विशेषतः रात्री. त्यापेक्षा सर्जनांना सरळ विचारावे की आपल्या पथकाने दुसऱ्यांदा करायच्या मायट्रल शस्त्रक्रिया किती केल्या आहेत आणि त्यांचे निष्कर्ष काय आहेत. चांगल्या सर्जनांना या प्रश्नाचा राग येत नाही. आणि एक गोष्ट निर्विवाद आहे : ठरवून, तब्येत स्थिर असताना केलेली दुसरी शस्त्रक्रिया आणि फुप्फुसांत पाणी भरल्यावर धावपळीत केलेली दुसरी शस्त्रक्रिया यांच्या धोक्यात फार मोठा फरक असतो. तुमचे सर्जन दोन-तीन महिन्यांचा आग्रह धरतात तो त्यामुळेच.


शाल्मली (हृदयशस्त्रक्रियांसाठी भूल देणारी डॉक्टर)

वरील प्रतिसाद उत्तम आहे. मी त्यात भूलतज्ज्ञाच्या बाजूने भर घालते. तुमच्या औषधांबाबतचा अंतिम निर्णय तुमच्याच पथकाचा राहील, हे गृहीत धरावे.

प्रथम औषधे. वॉरफरिन साधारणपणे शस्त्रक्रियेच्या ५ दिवस आधी थांबवतात, म्हणजे आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा) खाली येतो. मधल्या काळात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून हेपरिनची इंजेक्शने द्यायची की नाही, हे ज्याच्या-त्याच्या धोक्यावर ठरते. त्वचेखाली घ्यायचे हेपरिन असेल तर त्याचा शेवटचा डोस सहसा २४ तास आधी असतो. हे वेळापत्रक तोंडी न घेता तारखांसह कागदावर लिहून घ्यावे. मधुमेहाच्या किंवा हृदयाच्या अशक्तपणाच्या गोळ्यांत डॅपाग्लिफ्लोझिन वा एम्पाग्लिफ्लोझिन असेल तर ती किमान ३ दिवस आधी बंद करावी लागते, कारण उपाशी अवस्थेत, रक्तातली साखर वाढलेली नसतानाही, तिच्यामुळे रक्तात आम्ल साचू शकते. ही गोळी आता हृदयरोगासाठीही सर्रास दिली जात असल्याने ‘मला मधुमेह नाही’ म्हणून ती सांगायची राहून जाते. वनस्पतिजन्य औषधे, माशाच्या तेलाच्या गोळ्या, वेदनाशामके, जे काही घेत असाल ते सगळे यादीत लिहा. त्यातली कित्येक रक्तस्राव वाढवतात.

दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया होणाऱ्यांना मी तीन प्रश्न हमखास विचारते. मागच्या वेळी हेपरिन दिल्यानंतर प्लेटलेट्स एकाएकी घसरल्या होत्या का? हेपरिनविरुद्ध शरीरात प्रतिपिंडे तयार झाल्याने तसे होऊ शकते आणि तो इतिहास असेल तर हार्ट-लंग मशीन चालवण्याची सगळी आखणीच बदलावी लागते. हेपरिनचा परिणाम उतरवण्यासाठी दिलेल्या प्रोटामिनची काही प्रतिक्रिया आली होती का? आणि श्वासनलिकेत नळी घालताना अडचण आली होती का? यांची उत्तरे रुग्णाला ठाऊक असतीलच असे नाही. ती जुन्या भुलेच्या नोंदीत सापडतात. म्हणून अर्ज करताना शस्त्रक्रियेच्या नोंदीबरोबर भुलेची नोंद आणि अतिदक्षता विभागातले तक्तेही मागावेत.

रक्ताचा मुद्दा तुमच्या बाबतीत विशेष महत्त्वाचा आहे. पूर्वी रक्त चढवलेले असले किंवा बाळंतपण झालेले असले तर रक्तात इतरांच्या पेशींविरुद्ध प्रतिपिंडे तयार झालेली असू शकतात. तुम्ही मूल हवे म्हणून जैविक झडप घेतल्याचे लिहिले आहे, तेव्हा कदाचित या दोन्ही गोष्टी लागू असतील. अशा वेळी जुळणारे रक्त शोधायला नेहमीपेक्षा बराच अधिक वेळ लागतो. रक्तपेढीकडे नमुना काही दिवस आधी पाठवला की हा प्रश्न शांतपणे सुटतो. त्याचबरोबर हिमोग्लोबिन आताच तपासून घ्या. ते कमी असेल आणि कारण लोहाची कमतरता असेल तर दोन महिन्यांत ते भरून काढता येते, गरज पडल्यास शिरेतून लोह देऊन. लघवी गडद रंगाची होत असेल तर तेही सांगा. झडपेच्या कडेने गळती असल्यास तांबड्या पेशी फुटतात आणि रक्त त्या वाटेनेही कमी होते. शस्त्रक्रियेत आम्ही रक्तस्राव कमी करणारे ट्रॅनेक्झॅमिक आम्ल देतो आणि सांडलेले रक्त गोळा करून, धुऊन परत चढवणारे यंत्र वापरतो, परंतु आत जाताना हिमोग्लोबिन चांगले असणे याला पर्याय नाही.

दात. हे वाक्य मी मुद्दाम इतके लहान ठेवले आहे. हिरड्यांतील जंतू रक्तात उतरून नव्या झडपेवर बसले तर त्यातून उद्भवणारा संसर्ग अत्यंत गंभीर असतो. दंतवैद्यांकडे या आठवड्यातच जा, किडलेला दात काढायचा असेल तर आताच काढा, म्हणजे जखम भरायला वेळ मिळेल. तुमच्या हृदयात आधीच कृत्रिम झडप असल्याने दात काढण्यापूर्वी प्रतिजैविकाचा डोस घ्यावा लागतो आणि आयएनआरही पाहावा लागतो; दंतवैद्यांना या दोन्ही गोष्टी स्वतःहून सांगा. याच संदर्भात आणखी एक : या काळात ताप आला तर घरातली प्रतिजैविके घेऊ नका. आधी रक्ताचे कल्चर, मग औषध. क्रम उलटा झाला तर झडपेवरचा जंतू ओळखता येत नाही.

व्यायामाबद्दल संयमाने सांगते. झडप अरुंद झालेली असताना दम लागेपर्यंत चालण्याने तयारी होत नाही, उलट फुप्फुसांत पाणी साचू शकते. सपाट जागेवर, बोलता येईल इतक्या वेगाने, थोडे थोडे चालावे. आणि ज्या उपकरणातले चेंडू श्वास आत ओढून वर उचलायचे असतात ते आताच आणून त्याची सवय करावी. शस्त्रक्रियेनंतर छाती दुखत असताना ते पहिल्यांदा हाती घेणाऱ्यांची फार ओढाताण होते. धूम्रपान असेल तर आजच बंद. शस्त्रक्रियेच्या आधी घरी वस्तऱ्याने केस काढू नका, सूक्ष्म जखमांतून संसर्ग होतो. रुग्णालयात कातरयंत्राने काढतात. नाकातल्या जंतूंसाठी मलम आणि क्लोरहेक्सिडिनने अंघोळ या गोष्टी तुम्हांला सांगितल्या जातील, त्या कंटाळा न करता कराव्यात.

आता सर्जनांना विचारण्याचे दोन प्रश्न. तुमचे ठोके अनियमित होतात, तेव्हा त्याच शस्त्रक्रियेत डाव्या कर्णिकेचा, म्हणजे हृदयाच्या वरच्या डाव्या कप्प्याचा, कानासारखा कोपरा, जिथे गुठळ्या साचतात, तो बंद करणार का आणि ठोक्यांसाठीही काही करणार का? हा कोपरा बंद केल्याने पुढे पक्षाघाताचे प्रमाण कमी होते, हे २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत दिसले आहे; मागच्या वेळी तो आधीच बंद केला असेल तर अन्ननलिकेतून केलेल्या इकोमध्ये ते कळले असेल. दुसरा प्रश्न उजव्या बाजूच्या ट्रायकस्पिड झडपेचा. फुप्फुसातील दाब दीर्घकाळ वाढलेला असला की तिचे कडे रुंदावते, आणि ते ४० मिलिमीटर वा अधिक असेल तर डाव्या बाजूची झडप बदलताना तिचीही दुरुस्ती करण्याचा विचार करतात. आता ती राहिली तर पुढे केवळ तिच्यासाठी तिसऱ्यांदा छाती उघडण्याची वेळ येऊ शकते.


टिकटिक

मी झडपेच्या निवडीपुरतेच लिहिते. माझ्या हृदयात यांत्रिक मायट्रल झडप आहे, आधी जैविक होती. माझे सदस्यनाव त्या झडपेवरूनच घेतले आहे. रात्री खोली शांत झाली की ती ऐकू येते. काहींना याचा त्रास होतो, मला आता झोप लागण्यासाठी ती हवीशी वाटते.

वयाचा ठोकताळा असा : अमेरिकेतील हृदयरोगतज्ज्ञांच्या संस्थांच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार मायट्रल झडपेसाठी साधारण ६५ वर्षांखाली, वॉरफरिन घेण्यास अडचण नसल्यास, यांत्रिक झडप वाजवी मानली जाते, युरोपातील २०२१ च्या मार्गदर्शनातही मायट्रलसाठी तेच वय धरले आहे. तरुण शरीरात जैविक झडप लवकर ताठरते, आणि मायट्रल जागेवर महाधमनीच्या जागेपेक्षा लवकर, म्हणून हा कल. तुम्ही ४४ व्या वर्षी पुन्हा जैविक घेतली तर तिसऱ्या वेळेचा विचार आजच करावा लागेल. अर्थात मार्गदर्शन म्हणजे आज्ञा नव्हे. ज्यांना नियमित तपासणी शक्य नाही किंवा ज्यांना रक्तस्रावाचा त्रास आहे त्यांच्यासाठी गणित बदलते.

यांत्रिक घ्यायची तर वॉरफरिन किंवा त्याच कुळातले औषध कायमचे आले. मायट्रल यांत्रिक झडपेसाठी आयएनआर साधारण ३ च्या आसपास, २.५ ते ३.५ या टप्प्यात ठेवतात; महाधमनीच्या झडपेपेक्षा हा आकडा वरचा असतो. तपासणीची कटकट नसलेल्या नव्या गोळ्या का चालत नाहीत, असे प्रत्येक जण विचारतो. त्यांपैकी डॅबिगॅट्रानची यांत्रिक झडपांवरील चाचणी गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही वाढल्याने मध्येच थांबवावी लागली आणि तिचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. त्यानंतर एपिक्साबॅनची चाचणीही थांबवली गेली. तेव्हा या झडपेसाठी वॉरफरिनला पर्याय नाही, असे धरूनच निर्णय घ्यावा. आहारातून पालेभाज्या काढून टाकण्याची गरज नसते, प्रमाण रोजचे सारखे ठेवले की पुरते.

एका गोष्टीबद्दल मला कोणीही आधी सांगितले नव्हते आणि ती तुमच्या वयाला नेमकी लागू आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते. पाळी थांबण्याच्या आधीच्या वर्षांत रक्तस्राव तसाही अनियमित आणि जास्त होतो. त्यात आयएनआर ३ असला तर तो इतका वाढू शकतो की हिमोग्लोबिन घसरते, मग गोळीचे प्रमाण कमी करण्याचा मोह होतो आणि झडपेवर गुठळीचा धोका उभा राहतो. माझ्या हृदयरोगतज्ज्ञांनी हा विषय स्त्रीरोगतज्ज्ञांचा मानला आणि स्त्रीरोगतज्ज्ञांनी झडपेमुळे हात घालायचे टाळले. दोघांना एकमेकांशी बोलायला लावण्यात माझी बरीच शक्ती गेली. तुम्ही शस्त्रक्रियेआधीच स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटा, सोनोग्राफी करून घ्या, फायब्रॉइड वगैरे असल्यास आताच कळू द्या, आणि हार्मोन सोडणारे गर्भाशयात बसवायचे साधन चालेल का, ते विचारा. रक्तस्राव कमी करण्यासाठी ते पुष्कळदा उपयोगी पडते. पुढे मूल नको असेल तर गर्भनिरोधनाचा प्रश्नही त्याच भेटीत सुटतो. एस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या गुठळ्यांचा धोका वाढवतात, त्यामुळे त्या स्वतःहून सुरू करू नयेत.

शिरेतून जाऊन जुन्या झडपेतच नवी बसवण्याबद्दल मलाही सांगितले होते. ते फक्त जुनी झडप जैविक असली तरच शक्य असते, त्यामुळे तुमच्यासाठी दार बंद नाही. पण नवी झडप जुनीच्या कड्यात बसते, म्हणजे मार्ग थोडा आणखी अरुंद होतो. शिवाय मायट्रल जागेवर जुन्या झडपेची पाती बाहेर ढकलली जाऊन डाव्या कप्प्यातून रक्त बाहेर पडण्याची वाट अडण्याची भीती असते. आणि ती नवी झडपही जैविकच. वय जास्त असलेल्या किंवा पुन्हा छाती उघडणे फार जोखमीचे असलेल्या व्यक्तीला हा मार्ग वरदान आहे, ४४ व्या वर्षी तो प्रश्न पुढे ढकलतो. शाल्मलीताईंनी सांगितलेली ट्रायकस्पिडची दुरुस्ती आणि कर्णिकेचा कोपरा बंद करणे याही गोष्टी त्यात एकाच वेळी होत नाहीत. तुमच्या सर्जनांनी दुय्यम म्हटले ते बहुधा या सगळ्यामुळे, तरी त्यांच्याच तोंडून खात्री करून घ्या.


मृण्मयी

सर्वांचे मनापासून आभार. पाळीबद्दलचा मुद्दा माझ्या डोक्यात आलाच नव्हता आणि तो मला तंतोतंत लागू आहे. स्त्रीरोगतज्ज्ञांची वेळ घेतली. ट्रायकस्पिडचे कडे अहवालात ४२ मिलिमीटर लिहिले आहे, ते सर्जनांना विचारेन. शाल्मलीताई, तुमचा अंदाज बरोबर आहे : मला मुलगी आहे आणि पहिल्या वेळी रक्तही चढवले होते.

दोन शंका उरल्या. जुने डिस्चार्ज कार्ड सापडले, पण शस्त्रक्रियेची नोंद रुग्णालयाकडे आता उपलब्ध नाही असे उत्तर आले, आणि झडपेचे ओळखपत्रही हरवले आहे. मग काय करावे? आणि मायट्रलसाठी छातीच्या उजव्या बाजूने, बरगड्यांमधून जाता येते असे ऐकले. तसे केले तर हाडामागे चिकटलेल्या हृदयाचा प्रश्नच येणार नाही ना?


राघव_अ

ताई, तुमच्या शंकांची उत्तरे जाणकार देतील. मी वडिलांच्या दुसऱ्या शस्त्रक्रियेत सोबत होतो, म्हणून घरच्यांसाठी थोडे लिहितो.

शस्त्रक्रियेला किती तास लागतील, हे विचारताना ‘पहिल्या वेळेपेक्षा किती जास्त’ हेही विचारून ठेवा. चिकटलेले सोडवण्यातच बराच वेळ जातो आणि बाहेर बसलेल्यांच्या मनात मागच्या वेळेचा हिशेब असतो. आत रुग्ण ठीक असतो आणि बाहेर घाबरगुंडी उडालेली असते. डॉक्टरांशी बोलण्यासाठी घरातली एकच व्यक्ती नेमा आणि तिचा दूरध्वनी क्रमांक आधीच नोंदवा.

अतिदक्षता विभागात पहिले काही दिवस गोंधळल्यासारखे होऊ शकते, दिवस-रात्रीचे भान सुटते, नसलेल्या गोष्टी दिसतात. वडिलांना भिंतीवरून पाणी ओघळताना दिसत होते. हे पुष्कळांना होते आणि ओसरते, पण घरच्यांना ठाऊक नसेल तर ते मेंदूला काही झाले असे समजून हादरतात. चष्मा आणि श्रवणयंत्र नाव लिहिलेल्या डबीत परिचारिकेकडे द्या. नीट दिसले-ऐकू आले की गोंधळ लवकर कमी होतो.

घरी आल्यावर हाड जुळायला सुमारे ८ ते १२ आठवडे लागतात. हातांवर जोर देऊन उठायचे नाही, तेव्हा कुशीवर वळून, पाय खाली सोडून, हात छातीशी धरून उठण्याचा सराव आताच करा. खोकताना छातीशी घट्ट धरायला एक लहान, कडक उशी लागते. वजनकाटा घेऊन ठेवा : दिवसात किलोभर किंवा आठवड्यात दोन किलोंहून अधिक वजन वाढले तर ते बहुधा साचलेले पाणी असते आणि लगेच कळवायचे असते. मुलगी लहान असेल तर आईला काही आठवडे उचलून घेता येणार नाही, हे तिला आधी सांगून ठेवलेले बरे.


शाल्मली (हृदयशस्त्रक्रियांसाठी भूल देणारी डॉक्टर)

मृण्मयी, उजव्या बाजूने जाणे हा दुसऱ्यांदा करायच्या मायट्रल शस्त्रक्रियेत खरोखरच वापरला जाणारा मार्ग आहे आणि त्यात उरोस्थी उघडावी लागत नाही. त्याच वाटेने ट्रायकस्पिडपर्यंतही पोहोचता येते. मात्र त्यासाठी काही अटी जुळाव्या लागतात. हार्ट-लंग मशीन सहसा जांघेतून जोडावे लागते, तेव्हा तिथल्या रक्तवाहिन्या व महाधमनी निरोगी हव्यात. महाधमनीच्या झडपेला मध्यम किंवा तीव्र गळती असेल तर हृदयाला शांत ठेवून संरक्षण देणे अवघड होते. उजवे फुप्फुस छातीच्या भिंतीला चिकटलेले असेल किंवा शस्त्रक्रियेदरम्यान एका फुप्फुसावर श्वास चालवणे तुम्हांला झेपणार नसेल, तर हा मार्ग सोडावा लागतो. फुप्फुसातील दाब वाढलेला असल्याने हा शेवटचा मुद्दा तुमच्या बाबतीत नीट तपासला जाईल. आणि सर्वांत मोठी अट म्हणजे सर्जनांचा या मार्गाचा नियमित सराव. जो सर्जन मधूनच छाती उघडण्यात निष्णात आहे त्याच्याकडे आग्रहाने बाजूचा मार्ग मागण्यात काही फायदा नाही.

हरवलेल्या नोंदींबद्दल फार चिंता करू नका. डिस्चार्ज कार्डावर झडपेचे नाव व माप पुष्कळदा एका ओळीत लिहिलेले असते, ते बारकाईने पाहा. नसेल तर त्या काळातील बिलात किंवा विम्याच्या दाव्याबरोबर जोडलेल्या कागदांत झडपेचे स्टिकर चिकटवलेले सापडू शकते. विमा कंपनीकडे तशी चौकशी करता येईल. त्या सर्जनांशी थेट संपर्क शक्य असेल तर त्यांना लिहा, कित्येक जण स्वतःच्या शस्त्रक्रियांची वेगळी नोंद ठेवतात. यातले काहीही हाती लागले नाही तरी जैविक झडपांपैकी पुष्कळांच्या कड्याची किंवा आधाराच्या चौकटीची क्ष-किरणात ओळखू येईल अशी ठेवण असते आणि सीटीवर तिचा आतला व्यास मोजता येतो. त्यावरून सर्जन झडपेचा प्रकार व माप पुष्कळदा ताडू शकतात. हेपरिन, प्रोटामिन आणि श्वासनलिकेच्या नळीबद्दलची माहिती मात्र अशी मागाहून काढता येत नाही, तेव्हा त्या काळात तुमच्याबरोबर असलेल्या आई-वडिलांना शांतपणे बसवून विचारा : शस्त्रक्रियेनंतर प्लेटलेट्स कमी झाल्या म्हणून कोणते इंजेक्शन बंद केले होते का, अंगावर चट्टे उठून रक्तदाब एकदम खाली आल्याचे कोणी सांगितले होते का, नळी काढल्यावर डॉक्टर काही विशेष बोलले होते का. जे आठवेल ते, अर्धवट असले तरी, लिहून आणून तुमच्या भूलतज्ज्ञांच्या हाती द्या.